गाठ लपवणारं शहर: पुणे, 1897

साथीच्या काळात लोक डॉक्टरांचं, सरकारचं ऐकत का नाहीत, या प्रश्नावर आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: अडाणीपणा. 1897 सालच्या पुण्यातल्या प्लेगबद्दल गोऱ्या अधिकाऱ्यांचं हेच उत्तर होतं आणि 2020 साली टीव्हीवर चर्चा करणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांचंही हेच होतं. पुण्याचं प्रकरण नीट उलगडून पाहिलं तर हे उत्तर टिकत नाही. रोगी लपवणाऱ्या माणसांनी प्लेग कमी लेखला होता असं दिसत नाही. त्यांना प्लेगची भीती होतीच, फक्त दारात येणाऱ्या माणसाची भीती त्याहून मोठी होती.

आधी परिस्थिती मांडतो.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात काम करणारे गोव्याचे डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. काही आठवड्यांतच मुंबईच्या पालिकेने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्या हिवाळ्यात मुंबईतून लाखो माणसं आपापल्या गावी निघून गेली. रेल्वेच्या वाटेवर असलेलं पुणं त्यातून सुटणं शक्यच नव्हतं. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा, पण त्याने सरकारला जवळपास काहीही करायची मुभा दिली. त्याच महिन्यात आय.सी.एस. अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात प्लेगच्या कामावर रुजू झाला. मार्चमध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली आणि 12 मार्चपासून आठशे त्र्याण्णव गोरे आणि देशी अंमलदार-शिपाई शहरात प्लेगच्या कामावर नेमले गेले.

म्हणजे पुण्यात आरोग्याचा सल्ला दिला गेला तो फौजेच्या हातून. या प्रकरणातली पहिली गोष्ट ही आणि बाकीच्या बहुतेक गोष्टी तिच्यातूनच निघाल्या.

घरातला हिशोब

एखाद्या वाड्यातलं घर डोळ्यांसमोर आणा. सुनेला दोन दिवस ताप आहे, जांघेत गाठ आली आहे. घरच्यांना ठाऊक आहे की ही गाठ म्हणजे काय. त्यांच्यापुढे दोन रस्ते आहेत.

कळवलं तर ती इस्पितळात जाणार. तिथून परत येणारे थोडे, हे सगळ्यांनी पाहिलेलं. ती जाताना तिच्यासोबत कुणी राहील की नाही, तिला कोण हात लावेल, कुणाच्या हातचं पाणी तिला प्यावं लागेल, यातलं काहीच घरच्यांच्या हातात नाही. बाकीच्या माणसांची रवानगी शहराबाहेरच्या छावणीत. मागे घराची जमीन उकरणार, भिंतींवर औषधी पाणी मारणार, चुना फासणार, अंथरुणं, कपडे आणि जे जे संशयास्पद वाटेल ते जाळणार. घरात धान्य असेल, गहाण ठेवलेले दागिने असतील, देव असतील, त्यांचं काय होतं ते परत आल्यावर कळणार. ती गेली तर मृत्यूची नोंद झाल्याशिवाय प्रेत उचलता येणार नाही आणि अंत्यविधी कमिटीने ठरवून दिलेल्या जागीच करावा लागणार.

लपवलं तर? ती कदाचित मरेल, पण घरात, आपल्या माणसांत. कदाचित वाचेलही. आणि झडतीवाले आपल्या घरी आलेच नाहीत, असंही होऊ शकतं.

रोग्याच्या उपचाराचं म्हणाल तर दोन्ही रस्ते सारखेच होते, कारण 1897 साली प्लेगवर औषधच नव्हतं. इस्पितळात जे मिळत होतं ते फार तर शुश्रूषा. तेव्हा कळवण्याचा तोटा पक्का, लगेचचा आणि संपूर्ण कुटुंबाचा होता. फायदा झालाच तर तो शेजाऱ्यांचा होता, पुढे कधीतरी होणारा आणि डोळ्यांना न दिसणारा.

1950च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांपुढे एक साधा प्रश्न होता: क्षयरोगासाठी मोफत एक्स-रे काढून देत असूनही लोक येत का नाहीत? त्या शोधातून जी मांडणी तयार झाली तिचा गाभा असा, की माणूस आरोग्याचा सल्ला पाळतो तो चार गोष्टी जोखून. रोग मला होईल का, झाला तर किती वाईट, सांगितलेल्या उपायाचा खरंच उपयोग आहे का, आणि तो करताना मला काय सोसावं लागेल. पुण्यातल्या घरांना पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चोख माहीत होती. सरकारचा सगळा भर मात्र त्याच दोन प्रश्नांवर होता: प्लेग किती भयंकर आहे हे पटवायचं आणि न पटल्यास घरात शिरायचं. तिसरा आणि चौथा प्रश्न कुणी घेतलाच नाही. 2020 सालीही मोबाईलवर फोन लावला की आधी ऐकू यायचा तो खोकला आणि मग सावधगिरीच्या सूचना. पोटाचं काय, खोलीत सात माणसं असतील तर विलगीकरण कुठे करायचं, हे त्या सूचनेत नव्हतं.

उपाय चुकीचा होता, हेही विसरून चालणार नाही

या प्रकरणाचा एक भाग बऱ्याचदा सांगायचा राहतो. प्लेगचा जंतू 1894 साली हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सिनने शोधला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोचतो, हे 1897 साली सरकारला माहीत नव्हतं. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीत दाखवलं आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. रँडच्या कमिटीची समजूत होती की विष घाणीत, जमिनीत, कपड्यांत आणि रोग्याच्या अंगात आहे. म्हणून रोगी शोधा, हलवा, जमीन उकरा, सामान जाळा. गाठीच्या प्लेगमध्ये एका माणसाकडून दुसऱ्याकडे संसर्ग क्वचितच होतो. म्हणजे ज्या कामासाठी आठशे त्र्याण्णव माणसं घराघरात शिरत होती, त्याने साथ फारशी आटोक्यात येणार नव्हती.

याउलट गावाकडच्या लोकांना एक गोष्ट कळली होती. ‘उंदीर पडले’ की घर सोडायचं. उंदीर पडणे म्हणजे घरात, आढ्यावरून, कणगीमागे मेलेले उंदीर सापडू लागणे. असं झालं की गावं रानात जात, शेतात झोपड्या घालून राहत, आणि साथ ओसरल्यावर परत येत. पुढे शास्त्राने जे सिद्ध केलं त्याच्याशी हे अगदी जुळतं: पिसवांचा यजमान मेला की त्या दुसरं अंग शोधतात, तेव्हा त्या घरात माणसाने असू नये. मुंबई-पुण्याहून लोक पळाले, त्याला अधिकाऱ्यांनी भित्रेपणा आणि बेशिस्त म्हटलं. उंदराचं घर सोडण्यापुरतं बोलायचं तर त्या पळण्यात शहाणपण होतं. अर्थात पळणाऱ्यांच्या गाठोड्यांतून पिसवा नव्या गावीही गेल्या, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मे महिना. 19 मे 1897 रोजी कमिटीचं काम थांबलं. साथ उतरली होती. सरकारी मोजणीनुसार तोपर्यंत पुण्यात दोन हजारांच्या वर माणसं गेली होती. कमिटीला वाटलं, आपल्या कडक उपायांनी प्लेग गेला. पण कोरड्या कडक उन्हाळ्यात पिसवा तग धरत नाहीत आणि दख्खनमध्ये प्लेग उन्हाळ्यात उतरतोच. पावसाळ्यानंतर तो पुण्यात परत आला. तरी उन्हाळ्यातल्या त्या उतरणीतून दोन्ही बाजूंनी आपापले धडे घेतले होते. सरकार शिकलं की सक्ती लागू पडते. लोक शिकले की एवढं सोसूनही प्लेग येतोच. कारण आणि परिणाम यांची सांगड चुकीची बसली की पुढचा खरा सल्लाही त्याच चुकीच्या खात्यात जमा होतो. हाफकिनच्या प्लेगवरच्या लशीला पुढे जो संशय सोसावा लागला त्यातला मोठा वाटा इथला आहे, असं मला वाटतं.

दारात कोण आलं

रँड पुण्याला येण्याआधी साताऱ्याकडे होता. 1894 साली वाईत मशिदीसमोरून वाद्यं वाजवत नेण्याच्या प्रकरणात त्याने तिथल्या प्रतिष्ठित हिंदूंना तुरुंगात धाडलं होतं. पुणेकरांना हे नाव ओळखीचं होतं. शिवाय 1896-97 हे दख्खनच्या दुष्काळाचं वर्ष. फॅमिन कोडमध्ये, म्हणजे दुष्काळासाठीच्या सरकारी नियमांत, सूट असूनही सारावसुली चालू होती, म्हणून टिळक ‘केसरी’तून आणि गावोगाव माणसं पाठवून शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून सांगत होते. जे सरकार काल सारा मागायला आलं, तेच आज म्हणतंय की मी तुमच्या जिवासाठी आलोय. विश्वास ही साथीच्या वेळी नव्याने काढायची गोष्ट नाही, तो आधीच्या वर्षांतला शिल्लक असतो. पुण्यात शिल्लक काहीच नव्हती.

त्यावर भर म्हणजे झडतीची रीत. गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या, सोबत एखादा देशी गृहस्थ. माजघरापर्यंत, देवघरापर्यंत, माळ्यापर्यंत. काखेत आणि जांघेत गाठ पाहायची म्हणजे अंगाला हात लावणं आलंच. रेल्वे स्टेशनवरही हेच. जिथे घरातली बाई परपुरुषापुढे येत नव्हती तिथे हे घडत होतं. सूचना कागदावर बऱ्या होत्या: धार्मिक भावना जपाव्यात, बायकांची तपासणी बायकांनी करावी. पण रोज शेकडो घरं संपवायची घाई असलेल्या, भाषा न येणाऱ्या शिपायाकडून कागदावरचं किती उतरणार?

रँडच्या कमिटीने अहवालात समाधानाने नोंदवलं, की बाईच्या अब्रूला हात घातल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही. या नोंदीवर थांबायला हवं. तक्रार कुणाकडे करायची होती? त्याच कमिटीकडे. आणि जी कुटुंबं बाईची अब्रू गेली हे शेजाऱ्यालाही कळू देणार नाहीत, ती नाव-पत्त्यासह साहेबाला अर्ज देतील? गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सोजिरांच्या अत्याचारांचे आरोप केले. परत आले तेव्हा नावानिशी पुढे येऊन सांगायला कुणी तयार होईना आणि गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. सरदार नातू बंधूंनी झडतीच्या पद्धतीबद्दल तक्रारी केल्या होत्या. रँडच्या खुनानंतर जुलैमध्ये त्यांना 1827 च्या रेग्युलेशनखाली खटला न चालवता अटकेत ठेवलं गेलं. तक्रार करण्याची किंमत शहराला समजली. अशा ठिकाणी तक्रारींचा आकडा शून्य असणं म्हणजे संमती नव्हे. ती माहिती वर पोचायची वाट बंद झाली आहे, एवढंच त्यातून कळतं. आणि माहितीच पोचत नसेल तर रोगी कुठे आहे हेही पोचणार नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या नागरिकांचा अभ्यास करून दाखवलं की लोक कायदा पाळतात त्यात शिक्षेच्या भीतीपेक्षा एका गोष्टीचा वाटा मोठा असतो: अधिकारी आपल्याशी नीट वागतात का, आपलं म्हणणं ऐकून घेतात का. निकाल विरुद्ध गेला तरी रीत न्याय्य वाटली तर माणूस मान्य करतो. त्याआधी 1966 साली जॅक ब्रेहम यांनी मांडलं होतं की माणसाची निवड हिसकावून घेतली की तीच गोष्ट त्याला अधिक हवीशी होते आणि तो उलट वागतो, कधी स्वतःचं नुकसान करूनही. पुण्याला हे दोन्ही लागू पडतं, पण मी टायलरकडे झुकतो. निव्वळ हट्टाने उलट वागणारी माणसं सगळ्यांशीच उलट वागली असती. पुण्यातली माणसं तशी वागली नाहीत.

ऐकलं कुणाचं

1897च्या त्याच मार्चमध्ये त्याच शहराच्या कडेला सावित्रीबाई फुले होत्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या, फौज कामावर लागण्याच्या दोन दिवस आधी. रोग्याला घरातून हलवून वेगळं ठेवणं ही कृती रँडच्या कमिटीने केली तीच होती. फरक एवढाच की इथे नेणारी बाई ओळखीची होती आणि आपल्याला काय होईल याची पर्वा न करता ती रोग्याला स्वतःच्या पाठीवर घेत होती.

टिळकांबद्दल एक गैरसमज आहे की ते प्लेगच्या उपायांच्या विरोधात होते. वस्तुस्थिती तशी नाही. रोगी वेगळे ठेवले पाहिजेत हे त्यांना मान्य होतं. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ उभं केलं. मुसलमानांची आणि पारशांचीही अशी इस्पितळं होती. जिथे आपल्या माणसाच्या हातचं अन्न मिळतं, नातलगाला उशाशी बसता येतं, तिथे जायला लोकांची ना नव्हती. जातिधर्मावर वेगळी इस्पितळं असावीत का, हा प्रश्न आजच्या माणसाला टोचतो आणि टोचायलाच हवा. पण इस्पितळ या गोष्टीलाच लोक नाही म्हणत होते, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तिसरं उदाहरण मुंबईचं. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत लस तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. लोक बिचकत होते. तेव्हा खोजा समाजाचे धर्मगुरू असलेल्या तरुण आगाखानांनी आपल्या माणसांसमोर ती टोचून घेतली आणि खोजा समाजातल्या हजारो लोकांनी मग ती घेतली. लशीच्या फायद्यातोट्याची आकडेवारी सगळ्या मुंबईसाठी एकच होती. खोजांना वेगळं मिळालं ते एवढंच, की ज्याचं ऐकायची सवय होती त्याने आधी स्वतःचा दंड पुढे केला.

पुढे काय झालं

22 जून 1897 च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड 3 जुलैला मेला. टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फाशी गेले. हा भाग सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे थोडक्यात.

कमी ठाऊक असलेला भाग असा की सक्ती सरकारने स्वतःच मागे घेतली, आणि फक्त खुनामुळे नव्हे. मार्च 1898 मध्ये मुंबईत मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला आलेल्या पथकाला घरच्यांनी रोखलं आणि दंगल उसळली. त्यानंतर झडत्या सैल झाल्या, सक्तीने रोगी हलवणं कमी झालं, वस्तीतल्या पुढाऱ्यांना सोबत घेणं, समाजांची स्वतःची इस्पितळं, घरं रिकामी करून तात्पुरत्या झोपड्यांत राहणं आणि ऐच्छिक टोचणी यावर भर आला. प्लेग त्यामुळे गेला असं नाही, पुढच्या दोन-तीन दशकांत त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. पण घर आणि सरकार यांच्यातली लढाई निवळली.

2020

तोच 1897चा कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारला गेला. हेतू स्पष्ट होता: माणूस बाहेर फिरला तर ओळखू यावा. पण ज्याच्या हातावर शिक्का त्याला गाडीतून उतरवलं गेलं, सोसायटीत अडवलं गेलं. अशा वेळी ताप आला तर तो माणूस तो सांगेल का? 1897 साली मुंबईत प्लेगच्या घरांवर खुणा रंगवत, त्याही घरातल्यांना अशाच जाचल्या असणार.

धारावीत 1 एप्रिल 2020 रोजी पहिला रोगी सापडला. दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं, बहुतेकांची भिस्त सार्वजनिक शौचालयांवर. तिथे पालिकेने गल्लीतल्याच खासगी दवाखान्यांच्या डॉक्टरांना पीपीई किट देऊन दारोदार पाठवलं. वर्षानुवर्षं पोरांच्या तापाला गोळ्या देणारा डॉक्टर दारात उभा राहिला तर ताप लपवायचं कारण उरत नाही. सुमारे 47 हजार लोकांची तपासणी त्या फेरीत झाली. रमजान सुरू झाला तेव्हा विलगीकरण केंद्रात यायला लोक कचरत होते, तेव्हा रोज्याच्या वेळा सांभाळून जेवण देण्याची सोय केली गेली आणि लोक आले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं.

धारावीत पोलीस होते, बॅरिकेड होते, सक्तीही होती. हजारो मजूर चालत गावी गेले. ते सगळं पुसून एक सुखद गोष्ट सांगायची नाही. पण तपासणारा माणूस कोण असावा आणि नेल्यावर ताटात काय वाढावं, हे दोन प्रश्न तिथल्या अधिकाऱ्यांनी साथीच्या कामाचाच भाग मानले. पुण्याच्या कमिटीने ते मानले नव्हते.

कायद्यात मात्र फारसा फरक पडला नाही. एप्रिल 2020 च्या अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्याला कडक शिक्षा ठेवली आणि ते आवश्यकच होतं. 1897च्या मूळ कायद्यातलं चौथं कलम, सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असं सांगणारं, तसंच आहे. ज्याच्या घरात पथक शिरलं त्याने तक्रार कुठे करायची आणि ती कुणी ऐकायची, याचं कलम त्या कायद्यात 1897 साली नव्हतं, अजूनही नाही.